तोंडपाठ पुस्तक

अ‍ॅडलेडच्या आमच्या मंडळीत ऐंशी पार केलेली काही माणसं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पोटातल्या त्या कोरड्या, लाल मुलखाचा, म्हणजे आउटबॅकचा, इतिहास मला आधी त्यांच्या तोंडून कळला. पुस्तकं मी मागाहून वाचली. उपासना संपली की मागच्या हॉलमध्ये चहा होतो आणि ही मंडळी हमखास त्याच विषयावर येतात. फिंक नदीला कुठल्या वर्षी पाणी आलं होतं, गाडीचा अ‍ॅक्सल कुठे मोडला, कुठल्या स्टेशनवरच्या बाईनं दार उघडून आत घेतलं. इथे स्टेशन म्हणजे आगगाडीचं नव्हे. शेकडो चौरस मैलांवर पसरलेलं गुरांचं रान आणि त्यात कुठेतरी एक पत्र्याचं घर. तरुणपणी ही माणसं नोकरीतून रजा काढून, पदरच्या पैशानं पेट्रोल भरून, बायबलं वाटायला आत जायची. निघायचं ते मे ते ऑगस्टच्या थंडीत. उन्हाळ्यात तिकडे जाणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणं.

त्यातले एक सुतारकाम करायचे. आता त्यांना नीट चालवत नाही, पण पेट्या कशा बांधायच्या हे ते अजून हातवारे करून सांगतात. तिकडची धूळ पिठाहून बारीक. गाडीच्या बंद दारांतून ती आत येते, झाकणाखालून पेटीत शिरते आणि पुस्तकाच्या शिवणीत जाऊन बसते. ओलसर हाताचा स्पर्श झाला की पानावर विटकरी डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. म्हणून प्रत्येक पुस्तक मेणकागदात गुंडाळायचं, चार-चार पुस्तकांचा गठ्ठा करायचा आणि पेटीच्या फटींवर चिकटपट्टी मारायची. जड पेट्या चाकांच्या आसापुढे ठेवायच्या, नाहीतर खडबडीत रस्त्यावर मागचे पाटे तुटतात. पाणी सगळ्यात आधी चढवायचं, पुस्तकं सगळ्यात शेवटी.

जुन्या 'घान' आगगाडीचा मार्ग तेव्हा मरी, ऊडनाडाटा, फिंक असा अ‍ॅलिस स्प्रिंग्सला जायचा. १९८० मध्ये तो बंद झाला. त्या रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या छावण्या दर थोड्या मैलांवर असत. बायबलं घेऊन निघालेली आमची ही मंडळी तिथे थांबत, बायबल देत, कुणाचं पत्र लिहून देत. कूबर पीडीला ओपल खणणारी माणसं उन्हापासून जीव वाचवायला जमिनीखाली घरं कोरून राहायची, अजूनही राहतात. महायुद्धानंतर तिथे युरोपातल्या कितीतरी देशांचे लोक आले होते. म्हणून सुतारकाकांच्या पेटीत ग्रीक, इटालियन, क्रोएशियन, जर्मन अशी बायबलं निरनिराळी लावलेली असायची. माणूस बघून, त्याचा उच्चार ऐकून, त्याच्या भाषेतलं पुस्तक काढून द्यायचं. आईच्या भाषेतली अक्षरं बघून खाणीतला दांडगा माणूस ढसाढसा रडल्याचं ते सांगतात तेव्हा हॉलमधले सगळे गप्प होतात.

मी एकदा विचारलं, "आणि इथल्या मूळच्या लोकांसाठी, अनंगूंसाठी काय न्यायचात?"

ते थोडं थांबले. म्हणाले, एखाददुसरी पातळ पुस्तिका सोडली तर इंग्रजीच.

समुद्रापलीकडून काल आलेल्या माणसासाठी त्याच्या भाषेतलं पुस्तक तयार होतं. हजारो वर्षं त्याच मातीवर राहणाऱ्यासाठी ते नव्हतं. पुढे मी या विषयावर जे जे ऐकलं आणि वाचलं, ते या एका उत्तराला धरूनच.

सिडनीत बायबल सोसायटी उभी राहिली ती ७ मार्च १८१७ ला, गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांच्या पाठिंब्यानं. तेव्हा वसाहत किनाऱ्यालगतच होती. आतल्या मुलखात घोडा टिकत नसे. तिथे वाट उघडली ती उंटानं, आणि उंट आले आपल्याकडून. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजानं मेलबर्नला आले. पाच-सहा वर्षांनी टॉमस एल्डर नावाच्या उद्योजकांनी शंभराहून जास्त उंट कराचीहूनच पोर्ट ऑगस्टाला उतरवले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी माणसं आली. इथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, 'अफगाण'. त्यांनी मरीला मशीद बांधली, अ‍ॅडलेड शहरातही बांधली. ख्रिस्ती मिशनांचा पिठाचा पुरवठा, औषधं, डाक, पुस्तकं हे सगळं वर्षानुवर्षं याच नमाजी उंटवाल्यांच्या तांड्यांतून आत गेलं. त्यांचं हे ऋण चर्चच्या इतिहासात ठळक लिहायला हवं होतं. मला ते ओळी-दोन ओळींतच सापडलं.

१९१२ मध्ये प्रेसबिटेरियन चर्चच्या जॉन फ्लिन यांनी ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन सुरू केलं. त्यांचे पाळक उंटांवरून महिनोन्‌महिने गस्त घालत. लग्नं लावत, बाप्तिस्मे देत, पुरलेल्या माणसांवर मागाहून प्रार्थना म्हणत. फ्लिन यांनी १९१० मध्येच रानातल्या माणसांसाठी एक छोटं पुस्तक काढलं होतं. त्यात प्रथमोपचार होते आणि पाळक नसताना सोबत्याला माती कशी द्यायची तो विधीही होता. १९२८ मध्ये क्लोनकरीहून उडणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली तीही त्यांच्याच ध्यासातून. मोठा माणूस. पण त्यांचं लक्ष बहुतेक गोऱ्या वसाहतवाल्यांवर होतं, आणि हे त्यांच्या हयातीतच त्यांना सुनावणारे लोक त्यांच्याच चर्चमध्ये होते.

मला जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या एका माणसाची. त्याच्याजवळ पेटी नव्हती आणि त्याला दिसतही नव्हतं.

ऑक्टोबर १८७५ मध्ये दोन जर्मन ल्युथरन मिशनरी, केम्पे आणि श्वार्ट्स, बरोसाच्या खोऱ्यातल्या बेथनीहून गुरं, घोडे, मेंढ्या घेऊन उत्तरेला निघाले. दुष्काळानं त्यांना वाटेत डलहौसीच्या झऱ्यांपाशी अडकवून ठेवलं. फिंक नदीच्या काठी, अरंडा लोकांच्या न्टारियाला ते पोचले ते जून १८७७ मध्ये. तिथे हर्मन्सबर्ग मिशन उभं राहिलं. त्या परिसरात साधारण १८६९ मध्ये जन्मलेला जल्काबोटा नावाचा मुलगा मिशनच्या शाळेत आला. १८९० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव पडलं मोझेस. आमच्या मराठी बायबलातला मोशे. पुढे ऐन उमेदीत त्याची दृष्टी गेली.

१८९४ मध्ये कार्ल स्ट्रेलो हर्मन्सबर्गला आले. त्यांनी नव्या कराराचं अरंडात भाषांतर केलं. भाषांतर केलं असं एका वाक्यात लिहून होतं, पण परकी माणसं एकट्यानं भाषांतर करत नसतात. मोझेस आणि त्याच्यासारखे अरंडा जाणते शेजारी बसलेले असत. हे असं म्हणतात, हे असं कुणी म्हणत नाही, हा शब्द पोरांपुढे उच्चारायचा नाही, हे सांगणारे ते. १९२२ मध्ये स्ट्रेलो जलोदरानं आजारी पडले. उपचारांसाठी त्यांना बग्गीत खुर्ची बांधून दक्षिणेला नेत होते. वाटेत हॉर्सशू बेंडला ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. शुभवर्तमानं छापून आली ती त्यानंतर. पुढचा साहेब येईपर्यंतच्या काळात मंडळी सांभाळणाऱ्यांमध्ये हा आंधळा मोझेस पुढे होता.

आणि तो फिरला. बायको सोफिया हात धरून वाट दाखवायची. कधी पायी, कधी गाढवावर, कधी उंटावर. पाणवठ्यांवर, गुरांच्या स्टेशनांवरच्या छावण्यांत, अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या भोवताली, जिथे अरंडा समजणारी माणसं असतील तिथे. वचनांचे लांबलांब भाग, गीतं, प्रश्नोत्तरावली हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. रात्री शेकोटीपाशी बसून तो ते आपल्या भाषेत सांगायचा. ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होतं. ऐकायला वाचता येण्याची गरजही नव्हती. १९५४ मध्ये तो वारला. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी लहानपणी हर्मन्सबर्गला त्याला ऐकलं होतं. त्या सांगतात, म्हातारा बोलायला लागला की कुत्रीसुद्धा पायांशी येऊन बसत.

मोझेसची गोष्ट ऐकताना मला माझ्या आजीची आठवण येणं अपरिहार्य होतं. आजी नेवासे तालुक्यातली, वडाळा बहिरोबाच्या मिशनमधली. तिला लोक 'बायबलबाई' म्हणत. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एका पैशाला एक अशी सुटी शुभवर्तमानं. फुकट द्यायचं नाही असा दंडक होता. फुकट मिळालेल्या कागदाची चूल पेटवायला मदत होते, पैसा मोजून घेतलेला कागद माणूस कोनाड्यात ठेवतो, असं ती म्हणायची. विहिरीवर, मळणीच्या खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत ती बसायची. घेणाऱ्या बायकांना अक्षरओळख नसे. म्हणून ती वाचून दाखवायची, आणि पुन्हा पुन्हा वाचून तिला ते पाठ झालेलं असायचं. शेवटी मोतीबिंदू झाला तेव्हाही पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती बोटानं ओळी चालवायची आणि तोंडानं बरोबर म्हणायची.

आपल्याकडे हे सगळं फार लवकर झालं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी मत्तय १८०५ मध्ये छापला, नवा करार १८११ मध्ये, आणि त्यांच्या शेजारी वैजनाथ पंडित बसलेले होते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरले. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या पटकीच्या साथीत ते पुस्तकं आणि औषधं वाटत फिरले, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगानं एका देवळाच्या ओट्यावर वारले. मुलखात पुस्तक घेऊन हिंडणाऱ्यांचं आमच्याकडचं ते पहिलं ठळक नाव. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल नव्यानं मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. मुक्तिसदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. नगरकडे कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तनं आणि रेव्हरंड टिळकांची भजनं यांनी तेच केलं जे छापील पानाला जमत नव्हतं. आजीच्या पिशवीत जे होतं त्यापेक्षा तिच्या गळ्यात जे होतं ते जास्त गावांत शिरलं, हे मी खात्रीनं सांगते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या एका गोष्टीशी मला समेट करता येत नाही. १९२०-३० च्या दशकांत दक्षिण ऑस्ट्रेलियात क्वॉर्नला कोलब्रुक होम नावाचं मिशनचं बालगृह होतं. मूळनिवासी आयांपासून दूर केलेली मुलं तिथे वाढवत. लोविट्जा ओ'डोनह्यू दोन वर्षांच्या असताना तिथे आल्या. त्यांचं नाव बदललं गेलं, आपली भाषा बोलायला बंदी होती. आई पुन्हा भेटली ती तीसहून जास्त वर्षांनी. पुढे त्या देशातल्या मोठ्या नेत्या झाल्या, १९८४ च्या 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरल्या, पण ती भाषा आणि ती वर्षं कुणी परत देऊ शकलं नाही. त्या घरात सकाळ-संध्याकाळ बायबल वाचलं जाई.

त्याच राज्यात, त्याच दशकात, १९३७ मध्ये डॉ. चार्ल्स ड्यूगिड यांच्या आग्रहानं मसग्रेव्ह डोंगरांत एर्नाबेला मिशन सुरू झालं. फ्लिन यांना सुनावणारे ते हेच. मुलांसाठी वसतिगृह नाही. मुलं आईबापांजवळ राहतील. शाळा पिट्जन्ट्जाट्जारा भाषेत भरेल. कामाला आलेल्या गोऱ्या माणसानं आधी ती भाषा शिकायची. पुस्तक तेच, देवही तोच, आणि दोन ठिकाणांमधला हा फरक. मिशनांनी आश्रय दिला हे खरं, गोऱ्यांच्या गोळ्यांपासून वाचवलं हेही खरं. पण भाषा आणि आई हिरावून घेऊन ज्यानं हातात पुस्तक ठेवलं, त्यानं काय पोचवलं? चहाच्या टेबलावर हा प्रश्न निघाला की आमचे म्हातारे टाळत नाहीत. २००८ मध्ये संसदेत पंतप्रधानांनी आईबापांपासून तोडलेल्या त्या मुलांची माफी मागितली तेव्हा हीच मंडळी चर्चच्या हॉलमध्ये दूरदर्शनसमोर एकत्र बसली होती आणि त्यातल्या दोघी रडत होत्या, असं मला सांगितलं गेलं.

भाषा आधी गेली की काय होतं, याचा दाखला सिडनीच्या उत्तरेला आहे. मिशनरी लँसलॉट थ्रेल्केल्ड यांनी लेक मॅक्वारीला बिराबान या अवाबाकल माणसाच्या मदतीनं लूकचं शुभवर्तमान अवाबाकल भाषेत उतरवलं, १८३० च्या सुमारास. ते छापलं गेलं १८९२ मध्ये. तोवर थ्रेल्केल्ड नव्हते, बिराबान नव्हता, आणि ते वाचायला ती भाषा बोलणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. आज अवाबाकलांचे वंशज आपली भाषा परत उभी करताहेत तेव्हा त्यांना ज्या थोड्या लिखाणाचा आधार आहे, त्यात ते एक.

उत्तरेला रोपर नदीवर १९०८ मध्ये अँग्लिकन मिशन उघडलं तेव्हा गुरांच्या कंपन्यांच्या बंदुकांतून वाचलेले निरनिराळ्या जमातींचे लोक तिथे आसऱ्याला आले. मुलांच्या आयांच्या भाषा वेगवेगळ्या. खेळताना, भांडताना त्या मुलांनी एक भाषा घडवली; तिला क्रिओल म्हणतात. शिकलेले लोक तिला कित्येक वर्षं मोडकं इंग्रजी समजत राहिले. आज ती हजारो लोकांची मायबोली आहे. जवळजवळ तीस वर्षं खपून तिथल्या मूळनिवासी ख्रिस्ती लोकांनी आणि भाषातज्ज्ञांनी त्या 'मोडक्या' भाषेत सबंध बायबल आणलं. २००७ मध्ये कॅथरिनला त्याचं प्रकाशन झालं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही मूळनिवासी भाषेतलं ते पहिलं संपूर्ण बायबल. सिडनीची सोसायटी स्थापन होऊन तेव्हा १९० वर्षं झाली होती.

पिट्जन्ट्जाट्जारात नवा करार आणि जुन्या कराराचे काही भाग एकत्र २००२ मध्ये आले. उरलेल्या जुन्या करारावर त्यानंतर काम सुरू झालं. ते काम बघायला मी आमच्या मंडळीतल्या दोघींबरोबर पुकाट्जाला गेले. एर्नाबेलाचं आताचं नाव ते. स्टुअर्ट हायवेवर मार्लापर्यंत डांबरी रस्ता, तिथून पश्चिमेला लाल मातीचा. ही जमीन १९८१ च्या कायद्यानं अनंगूंच्या मालकीची आहे, त्यामुळे आधी परवाना काढावा लागतो. आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यात निरोप आला की गावात मयत झालं आहे, आता येऊ नका. सुतकाच्या त्या दिवसांत बाहेरचा माणूस गावात शिरत नाही आणि गेलेल्याचं नावही कुणी घेत नाही. पूर्वीचे स्वयंसेवक अशा वेळीही पेट्या घेऊन जाऊन थडकायचे. आम्ही थांबलो, आणि त्यांनी बोलावल्यावर गेलो.

एका साध्या खोलीत बायका जमल्या होत्या. मधोमध छापील मसुद्याची पानं. एकजण मोठ्यानं वाचायची. बाकीच्या डोळे मिटून ऐकत. मध्येच कुणी जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायची आणि वाचणारी थांबायची. मग बराच वेळ बोलणं चाले, हातांनी डोंगराची दिशा दाखवली जाई, कुणाच्या तरी आजीचा दाखला निघे. शेवटी पेन्सिलीनं एक शब्द खोडून दुसरा यायचा. दुपारपर्यंत चार वचनं झाली. संध्याकाळी त्याच बायका गायल्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी बायकांच्या अशाच एका गायनवृंदानं २०१५ मध्ये जर्मनीला जाऊन, जर्मन मिशनऱ्यांनी आणलेल्या चाली आपल्या भाषांत तिथल्या चर्चमध्ये गाऊन दाखवल्या होत्या. मी मराठी चालीवरचं एक भजन म्हटलं. शब्द त्यांना कळले नाहीत, पण दुसऱ्या कडव्याला दोघींनी ठेका धरला.

निघताना माझ्याबरोबरच्या आजींनी त्यांच्यातल्या सगळ्यात वडील बाईंना विचारलं, पुढच्या खेपेला काय आणू? त्या म्हणाल्या, पुस्तकं कपाटात आहेत, संपली की सांगू. चष्मे आणा. आमच्यातल्या निम्म्या जणींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून एकटीलाच वाचावं लागतं, आणि तिचा घसा बसतो. आणि ती उन्हावर चार्ज होणारी, ऐकायची छोटी यंत्रं आणाल तर आत आमचं बोलणं भरून आणा, इंग्रजी नको.

सध्या आमच्या हॉलमध्ये सुतारकाका टेबल लावून बसतात. लोक जुने-नवे वाचायचे चष्मे आणून देतात. ते काचा पुसतात, दांड्यांचे सैल स्क्रू आवळतात आणि दीड, दोन, अडीच अशा नंबरांच्या चिठ्ठ्या लावून मेणकागदात गुंडाळतात. गाडी मे महिन्यात निघेल. बायबलं किती न्यायची ते पुकाट्जाच्या बायका कळवणार आहेत.